ढग पळाले खरे, पण कोणी पळवले?

जुलैत पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली की साक्री, शिंदखेडा, नंदुरबारच्या पट्ट्यात एक जुना वाद नव्याने पेटतो. दुबार पेरणीचं संकट डोक्यावर असतं, आभाळ भरून येतं आणि तसंच कोरडं निघून जातं, आणि समोरच्या पठारावर निजामपूर-ब्राह्मणवेलकडचे पवनचक्क्यांचे पंखे गरगरत असतात. मग कोणीतरी म्हणतं, "पवनचक्क्यास्नी पानी पयाडं," म्हणजे पवनचक्क्यांनी पाऊस पळवला. पारावर एवढं वाक्य पुरतं. मोबाइलवर त्याला शेपूट फुटतं: कंपनीला वारा हवा, पाऊस नको, सरकारला सगळं ठाऊक आहे, हवामान खात्याची तोंडं बंद केली आहेत. लगेच समोरून दुसरी फळी उभी राहते. पुण्या-नाशकात नोकरीला असलेली आपलीच पोरं, दोन-चार शिक्षक, एखादा इंजिनिअर. त्यांचं उत्तर ठरलेलं: अडाणीपणा सोडा, विज्ञान शिका. त्यावर पहिल्या बाजूचं उत्तरही ठरलेलं: कंपनीने किती दिले?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पवनचक्क्या खान्देशाचा पाऊस पळवत नाहीत. पण हे मत ज्यांचं आहे त्यांनी ते गावाला पटवण्यासाठी फारसे कष्ट घेतलेले नाहीत. "विज्ञान सांगतं" हे वाक्य "महाराज सांगतात" याहून वेगळं कधी ठरतं? निष्कर्षापर्यंतच्या पायऱ्या ऐकणाऱ्याला स्वतः चढून बघता आल्या तरच. त्या पायऱ्या न दाखवता नुसता निष्कर्ष फेकायचा आणि समोरचा तो घेत नाही म्हणून त्याला अडाणी म्हणायचं, याला विवेक म्हणत नाहीत. आणि शेतकऱ्याला आकड्यांचं वावडं आहे म्हणाल, तर रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला एकदा भेटा. हवामानावर आधारित पीकविम्यामुळे आपल्या महसूल मंडळातलं (काही गावांच्या गटातलं) तापमान किती दिवस किती अंशांखाली गेलं, वाऱ्याचा वेग किती होता, हे त्याला तोंडपाठ असतं. हवामान मोजणारं केंद्र चुकीच्या जागी बसवलंय म्हणून तो भांडतो. ज्याला आकड्यांवरून भांडता येतं त्याच्याशी आकड्यांनीच बोललं पाहिजे.

"पवनचक्क्यांनी पाऊस पळवला" हा एक दावा दिसतो, पण त्याच्या पोटात चार दावे आहेत. पाऊस कमी झाला, हा पहिला. पंखे आल्यापासून कमी झाला, हा दुसरा. पंख्यांमुळे कमी झाला, हा तिसरा. आणि हे ठाऊक असूनही कंपनी व सरकार लपवतंय, हा चौथा. प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. प्रत्यक्षात काय होतं? पहिल्या दाव्यासाठी करपलेलं शेत दाखवलं जातं, ते बघून कोणाचंही काळीज हलतं, आणि त्या हललेल्या काळजावर थेट चौथा दावा मान्य करून घेतला जातो. मधले दोन कोणी विचारतच नाही.

आता समोरच्या बाजूचं जे सगळ्यात बळकट आहे ते आधी मान्य करू. हवामानाच्या बाबतीत कारस्थानं होत नाहीत, असं म्हणणं खोटं आहे. 1967 ते 1972 या काळात अमेरिकी हवाई दलाने लाओस आणि व्हिएतनामवरच्या ढगांत सिल्व्हर आयोडाइड पेरलं, ते पावसाळा लांबावा, रस्त्यांचा चिखल व्हावा आणि शत्रूची रसद अडावी म्हणून. 'ऑपरेशन पोपाय' हे त्याचं नाव. अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी सिनेटच्या समितीसमोर हे आधी नाकारलं होतं. अखेर 1974 मध्ये सारं उघड झालं, आणि हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करायला मनाई करणारा करार 1976 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारला. म्हणजे सरकार पावसात ढवळाढवळ करतं आणि वर खोटं बोलतं, ही कल्पना वेड्याची नाही. लांब कशाला, कृत्रिम पावसासाठी 2003, 2015 आणि 2019 मध्ये आपल्याच राज्याच्या आभाळात विमानं फिरली आहेत. विमान पाहून ज्याच्या मनात शंका आली त्याला हसण्याचं कारण नाही.

शेतकऱ्याचं निरीक्षण तज्ज्ञांच्या आधी बरोबर ठरतं, याचंही उदाहरण आपल्या कापसात आहे. बोंडअळीला पुरून उरणारं म्हणून दोन जनुकांचं बीटी बियाणं 2006 नंतर सगळीकडे पसरलं. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर कापूस फस्त केला. काहीतरी बिघडलंय हे शेतात वावरणाऱ्याला दिसत होतं. पण ते त्याने सिद्ध कसं केलं? बोंड फोडून अळी तळहातावर ठेवली. ती कोणालाही बघता येत होती, बियाणं विकणाऱ्यालाही. पोपायचंही तसंच: वैमानिक होते, तारखा होत्या, खर्चाच्या नोंदी होत्या, अडीच हजारांहून अधिक उड्डाणं होती, पत्रकारांनी धागे ओढले आणि सैन्याची शिस्त असूनही गुपित पाच-सात वर्षांपलीकडे टिकलं नाही. खरं कारस्थान मागे माग ठेवतं. पवनचक्कीच्या बाबतीत ही फोडलेल्या बोंडातली अळी कुठे आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

पुरावा म्हणून सांगितलं जातं ते एकच: आम्ही डोळ्यांनी पाहतो, पंखे जोरात फिरतात त्या दिवशी ढग थांबत नाहीत. हे निरीक्षण खोटं आहे असं म्हणणाऱ्याने कधी साक्री तालुक्यात जुलै काढलेला नसावा. ते खरं आहे. पंखे जोरात तेव्हा पाऊस नाही, हा मेळ बसतो आणि बहुतेकदा बसतो. इथेच पोरांचं उत्तर तोकडं पडतं, कारण ते निरीक्षणच नाकारून मोकळे होतात. नाकारायचं आहे ते त्यातून काढलेलं अनुमान.

खान्देश सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेत आहे. अरबी समुद्रावरून येणारा वारा घाटमाथ्यावर आपलं पाणी रिकामं करतो आणि इकडे उतरतो तेव्हा बराचसा कोरडा झालेला असतो. त्याच्यासोबत येणारे ढग बुटके असतात. खालून बघणाऱ्याला आभाळ काळंभोर दिसतं, पण ढगाची जाडीच कमी असल्यामुळे त्यातल्या थेंबांना वाढायला जागा मिळत नाही. फार तर भुरभुर पडते. आपल्याकडे दमदार पाऊस बहुतेक वेळा येतो तो बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा छत्तीसगड, मध्य प्रदेश ओलांडून पश्चिमेकडे सरकतो तेव्हा. तो आला नाही की पावसाचा खंड पडतो, आणि खंडाच्या दिवसांत पश्चिमेचा कोरडा वारा मात्र मोकाट सुटतो. तोच वारा पंखे फिरवतो आणि तोच बुटके ढग पुढे ढकलतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात, कारण दोघींची आई एक आहे. उलट सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात काय होतं ते आठवा. दुपारी वारा पडतो, उकाडा जीव घेतो, पंखे जागच्या जागी उभे राहतात, आणि संध्याकाळी डोक्यावर डोंगराएवढा ढग उभा राहून धो धो कोसळतो. म्हणजे पंखे थांबले की पाऊस येतो, हेही डोळ्यांना दिसतं! ज्याला पर्जन्यछाया आणि कमी दाबाचा पट्टा कोणी समजावून सांगितलेला नाही, त्याने यातून पंख्यांवर संशय घेतला तर त्याची बुद्धी मंद नाही, त्याला मधला दुवा दाखवला गेलेला नाही.

आता काळाचा हिशेब. पंखे आपल्याकडे आले ते या शतकाच्या पहिल्या दशकात. त्याआधी काय सुकाळ होता? विक्रम संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ खान्देशाने भोगला. 1972 चा दुष्काळ तर अजून जिवंत आठवणीतला आहे. खडी फोडलेले हात आजही गावोगावी आहेत. तेव्हा पठारावर एक पातं नव्हतं. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं होतं, आणि तसं झालं की आपला मान्सून बहुधा दुबळा पडतो; देशभराचा मान्सून सुमारे 24 टक्के कमी पडला. एल निनोच्या 2009 सालीही देशात 22 टक्के तूट होती. 2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. साक्रीचे पंखे देशभराचा पाऊस पळवू शकत नाहीत हे कोणीही मान्य करेल. मग देशभर पाऊस नसताना आपल्या वाट्याची तूट तेवढी पंख्यांच्या नावावर का टाकायची?

आणि 2019? तेव्हा पंखे होते, सगळेच्या सगळे. त्या ऑगस्टमध्ये पांझरेला पूर आला, अक्कलपाडा धरणातून पाणी सोडावं लागलं, धुळ्यात नदीकाठ पाण्याखाली गेला. पांझरा उगम पावते ती साक्री तालुक्यातच, पंख्यांच्या मुलखात. हे सांगितलं की उत्तर येतं: "त्या साली मशिनी बंद ठेवल्या असतील." या उत्तराकडे नीट पाहा, कारण प्रत्येक कारस्थान-कथा अडचणीत आली की याच दाराने पळते. पाऊस पडला नाही तर पंखे चालू होते, पडला तर बंद होते. मग असा कोणता पाऊस पडायला हवा की ज्याने हा दावा खोटा ठरेल? कोणताच नाही. जे कशानेच खोटं ठरू शकत नाही, ते खरं ठरवायला तरी काय वापरणार? बरं, पंखे चालू होते की बंद हे गुपितही नाही. प्रत्येकाची वीज मीटरमधून जाते, युनिटांची नोंद होते, त्यावर पैसे मिळतात. वर्षभर पंखा बंद ठेवून कंपनी कर्जाचे हप्ते कशातून भरणार?

आता पंखा आणि ढग यांची गाठ कुठे पडते ते बघू. इकडच्या मोठ्या पंख्यांचा मनोरा साधारण 80 मीटरचा, पातं उभं झालं की टोक सव्वाशे मीटरच्या आसपास. पावसाळी ढगाचा तळ बहुधा जमिनीपासून पाचशे ते दीड हजार मीटरवर असतो आणि गडगडाटी ढगाचा माथा बारा-पंधरा किलोमीटरवर. डोंगरमाथ्यावर कधी ढग खाली येऊन पात्यांना लागतात, हे कबूल. पण लागल्याने त्यांचं काय बिघडणार, याचा अंदाज ताकदीच्या हिशेबावरून येतो. एका चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे एक कोटी लिटर पाणी. एवढ्या वाफेचं पाणी होताना ढगात जी उष्णता सुटते ती विजेच्या भाषेत जवळपास 70 लाख युनिट भरते. दोन मेगावॅटचा पंखा पूर्ण क्षमतेने चोवीस तास फिरला तर 48,000 युनिट काढतो. एका चौरस किलोमीटरवरच्या एका सेंटिमीटरच्या सरीची बरोबरी करायला त्याला एकही क्षण न थांबता सुमारे 145 दिवस फिरावं लागेल. सर येते अर्ध्या तासात आणि पसरते शेकडो चौरस किलोमीटरवर. हा गुणाकार दहावीच्या पोराला कागदावर करता येतो. शाळेत तो करून घ्यावा, असं मला फार वाटतं.

इथे एक प्रामाणिक अडचण आहे आणि ती झाकू नये. पवनचक्क्यांचा हवेवर काहीच परिणाम होत नाही, हे विधान चुकीचं आहे. त्या वाऱ्यातून ऊर्जा काढून घेतात, त्यांच्या मागे काही किलोमीटर हवा मंद आणि ढवळलेली राहते. अमेरिकेत टेक्सासमधल्या मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांवर उपग्रहाच्या नोंदी वापरून झालेला एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. रात्रीचं जमिनीलगतचं तापमान तिथे आसपासच्या भागापेक्षा थोडं वाढलेलं आढळलं. वरची उबदार हवा खाली ढवळली जाते म्हणून. उद्या कोणी म्हणालं की पंख्यांजवळच्या शेतात पहाटेचं दव कमी झालंय, तर मी त्याला थट्टेवारी नेणार नाही, मोजून बघू म्हणेन. पण दव आणि मान्सून यांत अंतर किती! आणि पावसापुरतं बोलायचं तर 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी संगणकाच्या प्रारूपात अख्खं सहारा वाळवंट पवनचक्क्या आणि सौरपट्ट्यांनी झाकून पाहिलं. तिथे पाऊस वाढला. एवढ्यावरून साक्रीत पंखे लावा म्हणजे पाऊस येईल असं मी म्हणणार नाही. पण "परिणाम होतो" यापासून "पाऊस पळतो" इथवर उडी मारणाऱ्याला हा निकाल ठाऊक असावा.

सातारा-सांगलीकडेही हीच बोलवा एकेकाळी जोरात होती. तिथल्या चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारांवर आपल्याआधी पंखे उभे राहिले. त्याच पठारांच्या पश्चिमेला कोयनेचं खोरं आहे, राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या मुलखांपैकी एक. पूर्वेला माण-खटावचा दुष्काळी टापू आहे, आणि तो पंख्यांच्या आधी शतकानुशतकं दुष्काळी आहे. मग पंखे नेमके कोरड्या भागांच्या तोंडाशीच का दिसतात? कारण कंपनी जागा निवडताना काय बघते: मोकळा वारा, उघडं पठार, कमी झाडी, स्वस्त जमीन. या चारही गोष्टी पर्जन्यछायेच्या काठावर एकत्र मिळतात. पंखे आले म्हणून मुलूख कोरडा झाला नाही. मुलूख उघडा, वाऱ्याचा आणि गरीब होता, म्हणून पंखे तिथे आले. कार्य आणि कारण यांची जागा बदलली की सगळी गोष्ट उलटी दिसू लागते.

राहिला चौथा दावा, कारस्थानाचा. "यात फायदा कोणाचा?" हा प्रश्न विचारणं योग्यच, तपास त्यानेच सुरू होतो. दुर्दैवाने आपल्याकडे तो त्यावरच संपतो. कंपनीची वर्षातली निम्म्याहून जास्त वीज मान्सूनच्या महिन्यांत तयार होते. तिला मान्सूनचा वारा हवा आहे हे खरं. पण हवं असणं आणि करता येणं यांत फरक आहे. मला गुजरातचा समुद्र धुळ्याला हवा आहे. शिवाय या गुपितात सामील कोण? पंख्यांवर वॉचमन आहेत, तंत्रज्ञ आहेत, गाड्या चालवणारे आहेत, त्यांतले कितीतरी याच गावांतले. त्यांच्याही बापाची कोरडवाहू शेती आहे. आपल्या बापाची बाजरी करपवणारं यंत्र ही पोरं वर्षानुवर्षं मुकाट्याने ग्रीस लावून चालवत असतील?

एवढं सगळं कशाला, शेतकऱ्याच्या मनाला तेवढंच एक कारण मिळतं तर मिळू द्या, असं काही भली माणसं म्हणतात. त्यांना साक्री तालुक्यातल्याच राईनपाड्याची आठवण करून द्यावी लागते. 1 जुलै 2018, आठवडे बाजाराचा रविवार. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने मारून टाकली, मुलं पळवणारी टोळी समजून. मोबाइलवर आठवडाभर संदेश फिरत होते. त्या संदेशांना पहिल्याच पायरीवर एक प्रश्न विचारायचा होता: मूल कोणाचं गेलं? कोणत्या गावचं, कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद आहे? पंख्यांवरचा संशय आणि त्या दिवशीचा संशय यांची धग सारखी नाही, हे मला कळतं. यंत्राला जीव नसतो. पण पायऱ्या गाळून थेट निकालावर जायची सवय तीच आहे, आणि ती सवय पुढच्या वेळी यंत्रापाशी थांबेल की माणसापाशी, हे आधी कोण सांगणार?

इतिहासात याहून बोलकी जोडी आहे. 1896 च्या ऑक्टोबरात, प्लेगच्या साथीत, मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. रुग्णांना मारून त्यांच्या अंगातून मोमियाई, म्हणजे माणसाच्या शरीरातून काढलेलं म्हणून समजलं जाणारं औषध, काढतात, अशी वदंता त्या काळात पसरलेली होती. पुढल्या वर्षी पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरझडत्या घेतल्या, देवघरं तुडवली, लोकांचे हाल केले. हाल खरे होते, मोमियाई खोटी होती. हालांची बातमी नावानिशी छापता आली, त्यावर जाब विचारता आला. मोमियाईने मात्र एकच काम केलं: ज्यांना उपचार हवे होते ते रुग्णालयापासून लांब पळाले, आणि सरकारला "हे लोक अडाणी" म्हणून खऱ्या तक्रारीही उडवून लावायची सोय झाली.

आपल्याकडेही तेच चाललंय, आणि माझा खरा राग इथे आहे. पवनचक्क्यांवरून विचारण्यासारखं पुष्कळ आहे. जमिनी कोणत्या भावाने गेल्या, दलालांनी मधे किती खाल्लं, वनजमिनी देताना तिथे पिढ्यान्पिढ्या कसणाऱ्या आदिवासींच्या वनहक्काच्या दाव्यांचं काय झालं, खोदलेले रस्ते कोणी बुजवले, ग्रामपंचायतीला कर किती आणि वेळेवर मिळतो का, वस्तीपासून पंखा किती अंतरावर हवा. यांतल्या प्रत्येक प्रश्नाला कागद आहे आणि प्रत्येक कागदाखाली कोणाची तरी सही आहे. गावसभेत हे प्रश्न निघाले की साहेबांना घाम फुटतो. पाऊस पळवल्याचा मुद्दा निघाला की साहेब हसतात, बाटलीबंद पाणी पितात आणि गाडीत बसतात. मग ही बोलवा नक्की कोणाच्या सोयीची आहे?

माझंही म्हणणं कोणी माझ्या शब्दावर घेऊ नये. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. पंखे ढग पळवत असतील तर त्यांच्या पूर्वेकडच्या मंडळांत पाऊस घटलेला दिसला पाहिजे, पश्चिमेकडच्या मंडळांत तशी घट दिसता कामा नये, आणि हा फरक पंखे येण्याआधी नसून नंतरच सुरू झालेला असला पाहिजे. एकट्या-दुकट्या वर्षाचे आकडे उपयोगाचे नाहीत. आधीची पंधरा आणि नंतरची पंधरा वर्षं तरी लावावी लागतील, आणि एल निनोची सालं बाजूला काढून पुन्हा एकदा. तसा फरक निघाला तर वरचे निम्मे परिच्छेद मला खोडावे लागतील. मंडळनिहाय पावसाची नोंद महसूल खात्याकडे असते, तालुक्याच्या पर्जन्यमापकाची तर फार जुनी. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, आणि तसाच दुसरा अर्ज करून जमिनीच्या फेरफारांच्या नकलाही मागता येतात.